टोनी बेनेट यांचा शेवटचा अल्बम: कौतुक गायकीचे की वयाचे?

दुधनाकाठ (सेलू):
पॉप गायिका लेडी गागा यांच्यासह अमेरिकी गायक टोनी बेनेट यांनी गायलेला 'लव्ह फॉर सेल' हा जुन्या पिढीतील अमेरिकी संगीतकार कोल पोर्टर यांच्या गाण्यांचा अल्बम सध्या ऐकत आहे. २०२१ मध्ये तो निघाला तेव्हा बेनेट यांना ९५ वर्षे पूर्ण झाली होती. माझा कान नाट्यसंगीत आणि भावगीतांवर पोसलेला असल्यामुळे असेल, पण आवाजातील खरखर मला जाणवत राहते. तरीही या अल्बमला ग्रॅमी मिळाले. हा मान गायकीचा समजावा की वयाचा?

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर):
वयाचा वाटा नाहीच, असे मी म्हणणार नाही. बेनेट यांना अल्झायमर (स्मृतिभ्रंशाचा आजार) असल्याचे त्याच वर्षी जाहीर झाले होते आणि ते मनात ठेवूनच बहुतेकांनी हा अल्बम ऐकला. परंतु अशा अमेरिकी गाण्यांची ही गायकी मुळात मायक्रोफोनच्या आधाराने वाढलेली आहे. १९२५ च्या सुमारास विजेवर ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकण्याची गरज संपली, तेव्हापासून श्रोत्याच्या कानाशी बोलल्यासारखे गाणे शक्य झाले. (आपल्या नाटकमंडळ्यांतील गायकनटांना ही चैन कोठली!) बेनेट मात्र दुसऱ्या महायुद्धावरून परतल्यावर सरकारी योजनेतून रीतसर बेल कान्तो (इटालियन ऑपेरातील गायनपद्धती) शिकलेले, त्यामुळे त्यांचा आवाज या पंथातील इतरांपेक्षा भरदार होता. तो भरदारपणा उतरल्यावर मागे काय उरले, हे त्यांनी एकट्याने गायलेल्या 'सो इन लव्ह'मध्ये ऐकावे.

मांजरा (लातूर):
मी उलटा क्रम सुचवेन. आधी १९७५ चा, जॅझ पियानोवादक बिल इव्हान्स यांच्या पियानोसोबतचा अल्बम ऐकावा. त्यात दुसरे वाद्यच नाही, त्यामुळे गायक कोणता शब्द तालाच्या किंचित मागे ठेवतो आणि कोणता आधीच उचलतो, हे लपत नाही. आपल्याकडे उर्दू कवी सिराज औरंगाबादींची एकच गझल निरनिराळ्या गायकांनी निरनिराळ्या चालींत गायली. या अमेरिकी गाण्यांत मात्र चाल संगीतकाराने बांधून दिलेली असते, आणि पोर्टर तर शब्दही स्वतःच लिहीत. गायकाचे स्वातंत्र्य उरते ते एवढ्याशा मागेपुढे होण्यातच.

आणखी एक. पोर्टर यांचे 'नाइट अँड डे' हे गाणे १९३२ च्या एका संगीतिकेत नर्तक-अभिनेते फ्रेड अस्टेअर यांनी प्रथम गायले. त्याच्या सुरुवातीचा भाग ढोल वाजावा तसा बराच वेळ एकाच स्वरावर चालतो आणि पुष्कळ गायक तो सरळ गाळतात. तो भाग ठेवलेले एखादे ध्वनिमुद्रण अवश्य मिळवा. पुढची चाल कशी मोकळी होते ते त्यातूनच कळते.

दुधनाकाठ (सेलू):
दोघांचेही आभार. इव्हान्स यांच्यासोबतचा अल्बम लगेच लावला आणि तालाच्या मागेपुढे होण्याचा मुद्दा पटला. 'लव्ह फॉर सेल'मधील वाद्यवृंद मात्र मला अजूनही भपकेबाज वाटतो. बेनेट एकटे गातात त्या दोन गाण्यांपुरतेच ग्रॅमी मला मान्य आहे.