मदत हवी आहे: मालवणात एकाच टेबलावर मासे आणि शाकाहारी जेवण

नमस्कार मंडळी. नारळी पौर्णिमेनंतर आम्ही दोघं मालवण-वेंगुर्ला-सावंतवाडीला जातोय. अडचण जुनीच: नवरा पक्का मासेखाऊ, मी शाकाहारी. पुण्यात प्रश्न येत नाही, एकाच हॉटेलात त्याची सुरमई आणि माझं भरलं वांगं मिळतं. किनाऱ्यावर मात्र त्याच्यापुढे तिसऱ्या, बांगडा, सोलकढी येते आणि माझ्यापुढे पनीर! कोकणात येऊन पनीर कोण खाईल?

मला काळ्या वाटाण्याचं सांबार, आंबोळ्या, घावन, नारळाच्या रसातल्या खापरोळ्या असं घरगुती खायचंय. ओल्या काजूंचा हंगाम उन्हाळ्यातला, त्यामुळे ती उसळ मिळणार नाही हे ठाऊक आहे. १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी तोवर संपलेली असेल, म्हणजे नवऱ्याची सोय होईल.

दोघांनाही पोटभर जेवता येईल अशी खानावळ कुठे आहे? आदल्या दिवशी फोन करून सांगावं लागतं का? तळणीचं तेल आणि कढई वेगळी ठेवतात का, हेही कळवा. (एवढं तरी मी पाळते.) जागेचं नाव, जमल्यास थाळीचा अंदाजे दर लिहा. 'चवीला बरं' एवढंच असेल तरी चालेल, फक्त पनीर नको.