निळूभाऊंचा हिंदूराव ओरडत का नाही?

पारावरचा
काल पुन्हा ‘सामना’ पाहिला. जब्बार पटेलांचा, १९७५ साली बर्लिन महोत्सवात गेलेला. निळू फुल्यांचा हिंदूराव धोंडे पाटील म्हणजे साखरसम्राट, सगळा मुलूख खिशात. मास्तर (डॉ. श्रीराम लागू) मारुती कांबळेचं काय झालं म्हणून पाठ सोडत नाही, तरी हिंदूराव उगाच आवाज चढवत नाही. ज्याचा शब्द खाली पडत नाही तो ओरडेल कशाला? आजचे खलनायक दर वाक्याला शिरा ताणतात. भीती वाटत नाही, कान दुखतात.

बाल्कनीवाली
सिनेमाचं ठीक आहे हो. कॅमेरा नाकासमोर असला की भुवई हलली तरी पुरते. दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहात बाल्कनीत बसा, भुवई सोडा, नाकही दिसत नाही. आणि ‘नटसम्राट’चं काय करणार? १९७० मध्ये याच लागूंनी बेलवलकर उभा केला. तो म्हातारा स्वतःच नट, जन्मभर पल्लेदार वाक्यं फेकलेला. घर सुटलं तरी ती भाषा सुटत नाही. तिथे आवाज दाबला तर तो संयम नव्हे, भूमिकाच कळली नाही.

विंगेतून
+१. ‘संयत’ हा शब्द फार सोयीचा झालाय. आमच्या हौशी संघातला हिरो सगळ्या प्रसंगांना एकच चेहरा ठेवायचा. बायको गेली तरी तोच, चहा आला तरी तोच. विचारलं तर म्हणे, “आत चाललंय.” त्याचं आतच राहिलं, प्रेक्षक बाहेर गेले.

पारावरचा
😄 बेलवलकर मान्य. बाल्कनी नाही. निळूभाऊ घडले राष्ट्र सेवादलाच्या कलापथकात, ‘कथा अकलेच्या कांद्याची’सारख्या लोकनाट्यात. गर्दीपुढे सगळं मोठं करून दाखवणं त्यांना येतच होतं, कॅमेऱ्यापुढे त्यांनी ते आवरलं. खिशात शंभर असताना दहा खर्चणं वेगळं. विंगेतल्या हिरोकडे होतेच दहा.

बाल्कनीवाली
म्हणजे आधी मोठं करायला शिका, मग आवरा. हेच तर मी म्हणतेय! आता मोबाइलवर ऑडिशन शूट करून पाठवणाऱ्या पोरांनी शंभर कमवायचे कुठे?

मालिकाग्रस्त
मालिकेत काम करतो. नटाने कितीही आवरलं तरी एडिटला तीनदा चेहरा झूम होतो आणि वर ढोल. आम्ही कोणाशी भांडायचं?