मदत हवी आहे: अटॅकनंतर दंडाला पट्टा आवळून हृदय वाचतं का?

नमस्कार मंडळी. बाबा ६४ वर्षांचे, मालवणात रापणीवर जायचे. १२ दिवसांपूर्वी पहाटे छातीत कळ आली. इथेच गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं. दुखणं उतरलं, पण नेमके तेव्हाच मॉनिटरवर ठोके वेडेवाकडे झाले. मग फोंडा घाटातून कोल्हापूर, एक स्टेंट. तिथले डॉक्टर म्हणाले, रक्त परत येतानाही स्नायूला इजा होते. आई तेव्हापासून विचारतेय, "रगात सुरू झाला मां, मगे इजा कसली?" मला सांगता येत नाही.

त्यात शेजारचे काका बीपीचा पट्टा घेऊन आलेत. रोज ५ मिनिटं दंड आवळायचा, ५ मिनिटं सोडायचा, असं ४ वेळा. त्यातून म्हणे रसायनं सुटतात आणि काळीज वाचतं. काका मनाने चांगले, उडवून लावता येत नाही. तथ्य आहे का यात? बाबांना शुगरही आहे.

प्रतिसाद:
मी फार्माकॉलॉजी शिकवतो, हृदयरोगतज्ज्ञ नाही.

आईंना खारबंधाऱ्याची उघाडी, म्हणजे खाडीचं पाणी अडवणारं दार, माहीत असेल. उधाणाला ती सुटली की शेतात खारं पाणी घुसतं. उपाशी पेशीत रक्त परतलं की तसंच कॅल्शियम घुसतं, ऑक्सिजनचे मारक रेणू तयार होतात, मायटोकॉन्ड्रियाचं (पेशीला ऊर्जा देणाऱ्या भागाचं) एक छिद्र उघडतं आणि पेशी मरते. म्हणून रक्त सुरू करायचं नाही असं नव्हे; ते आलं नाही तर सगळंच जातं.

काकांचं अगदी हवेतलं नाही. १९८६ साली अमेरिकेत मरी, जेनिंग्ज आणि राइमर यांनी कुत्र्यांची हृदयाची धमनी आधी ५-५ मिनिटं ४ वेळा बंद केली, मग सलग ४० मिनिटं. मेलेला स्नायू एरवीच्या चौथाईवर आला. अडचणीतल्या पेशी ॲडिनोसिन, ब्रॅडिकायनिन असे निरोप सोडतात. ते पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहींना चिकटतात, आतली प्रथिनं जागी होतात आणि ते छिद्र सहजी उघडू देत नाहीत. पण धमनी ३ तास बंद ठेवल्यावर फायदा उरला नाही.

दंड आवळूनही असे निरोप हृदयापर्यंत जातात म्हणून माणसांवर पाहिलं. २०१९ साली युरोपातल्या ५ हजारांवर रुग्णांचे निकाल आले. अँजिओप्लास्टीच्या वेळीच पट्टा बांधला होता, तरी वर्षभरात मृत्यू किंवा हार्ट फेल्युअर कमी झालं नाही. तुमचे बाबा तर १२ दिवस पुढे आलेत. शिवाय मधुमेहात हे संरक्षण बोथट होतं. पट्ट्याने बीपी मोजा, तेवढंच. स्टेंटच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मात्र एक दिवसही चुकवू नका.

डिस्चार्ज कार्डावर ईएफ (दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो आकडा) किती लिहिलाय?

धागाकर्ती:
४५. दीड महिन्याने परत इको सांगितलाय.

प्रतिसाद:
तो नक्की करा. काही स्नायू मेलेला नसतो, नुसता सुन्न पडलेला असतो, काही आठवड्यांत परत हलायला लागतो.

धागाकर्ती:
आईला उघाडीचं लगेच पटलं. काकांना तुमचा प्रतिसादच वाचून दाखवते, मी सांगितलेलं ऐकायचे नाहीत.