पांढऱ्या डागांचा रोग: तलावातल्या पाण्याचं निर्जंतुकीकरण – मदत हवी आहे

मालवणजवळ खाडीकाठी अर्ध्या हेक्टरचा व्हनामेई कोळंबीचा तलाव आहे. कोळंबी काठाला येऊन मरतेय. डोक्यावरचं कवच सोलून उजेडात धरलं की आतून पांढरे ठिपके दिसतात, खरवडूनही जात नाहीत. पीसीआर (विषाणूची चाचणी) पॉझिटिव्ह.

पाणी तसंच खाडीत सोडणं पाप आहे. खेकडे स्वतः न मरता हा विषाणू वाहतात, शेजारचे तलावही बसतील. पाणी 5,000 घनमीटर, म्हणजे 60 पीपीएमने (घनमीटरला 60 ग्रॅम) ब्लीचिंग पावडर 300 किलो (30 टक्के क्लोरीनवाली). पण आधीच चुना पडल्याने सामू (पीएच) 8.6 झालाय आणि त्यात क्लोरीनचा जोर बराच कमी होतो. मात्रा वाढवावी, की सामू उतरेपर्यंत थांबावं? खेकडे अडवायला बांधावरची जाळी किती खोल गाडता? कृपया लवकर सांगा, मर रोज वाढतेय.