आरएक्स ६४०० नको, भाऊ

२०१२च्या आय-५ प्रोसेसरच्या डेस्कटॉपमध्ये आरएक्स ६४०० हे ग्राफिक्स कार्ड टाका, असं एकानं सुचवलंय. मला नाही पटत. त्या कार्डाला चारच लेन, म्हणजे डेटा जायच्या वाटा. जुन्या पीसीआयई ३.० स्लॉटवर (मदरबोर्डवरची कार्ड लावायची खाच) डेटाचा वेग ४.०च्या निम्मा होतो, अन् व्हिडिओ एन्कोडर, म्हणजे रेकॉर्डिंग आकसून साठवणारा भाग, तर नाहीच. त्यापेक्षा जुनं जीटीएक्स १६५० पाहा, पण वेगळी पॉवर वायर न लागणारं. स्लॉटच्या ७५ वॅटवर भागतं. कॅबिनेट बारकं असेल तर लो-प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचं.

आपल्या यवतमाळकडं कापूस घरात आला की एसएमपीएसच्या (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) जाळीवर तंतूंचा नमदाच बसतो. आधी ब्लोअर मारा, मग कार्ड लावा. रात्री ओलिताच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतंच, म्हणून स्टॅबिलायझर किंवा यूपीएस लावा, अन् शॉक टाळायला अर्थिंगही तपासून घ्या बाप्पा.