म्यानमारहून आलेल्या चिन कुटुंबाला बोपोडीत खोल्या दिल्या आहेत. कागदपत्रांचं काय करू?

सुलभा_बोपोडी:
नमस्कार मंडळी. आधीच सांगते, "ताई, किती पुण्याचं काम" असं लिहायला येणार असाल तर नका येऊ. मला माहिती हवी आहे.

बोपोडीत आमचं जुनं घर आहे, मागच्या अंगाला दोन खोल्या. तिथे आधी एक मिझो नर्स राहायची. तिच्या दूरच्या नात्यातलं हे कुटुंब: आजी, सून आणि दोन पोरं, मुलगी नऊची, मुलगा सहाचा. मुलांचा बाप दिल्लीत उत्तम नगरला चारपाच जणांत एका खोलीत राहतो, मिळेल ते काम करतो. तिथलं भाडं परवडेना, मुलं सारखी आजारी, म्हणून ही चौघं इकडे आली.

हे लोक चिन. म्यानमारच्या पश्चिमेला, मिझोरामला लागून चिन राज्य आहे, तिथले मूळचे डोंगरी लोक, बहुतेक ख्रिस्ती. गाव थांतलांग. फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली, सप्टेंबरमध्ये या गावावर तोफा डागल्या, घरं पेटली, आणि आग विझवायला निघालेल्या तरुण पाद्रीला गोळी घातली. दहाएक हजार वस्तीचं गाव रिकामं झालं. ऑक्टोबरअखेर दीडशेच्या वर घरं एका दिवसात जळाली, त्यात यांचंही. सून हे मोडक्या हिंदीत सांगते आणि सांगताना भाजी निवडत असते. मीही मध्ये बोलत नाही.

सुनेकडे यूएनएचसीआरचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांसाठीच्या संस्थेचं, निर्वासित कार्ड आहे, मुलांचीही झाली आहेत. आजींचं अजून "विचाराधीन" आहे, नुसता कागद. पासपोर्ट कुणाकडेच नाही.

अडचण अशी की, शेजारच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी "चायनीज लोक ठेवलेत" म्हणून कुरकुर सुरू केली आहे. पोलिसात काय आणि कसं कळवायचं? भाडेकरूंच्या नेहमीच्या ऑनलाइन फॉर्मात आधार मागतात. इथला एक एजंट म्हणतो, पैसे द्या, चौघांचं आधार करून देतो. शिवाय मुलीला शाळेत घालायला गेले तर "पोर्टलवर आधार लागतं" म्हणून परत पाठवलं. शाळा इथलीच, नाव लिहीत नाही.

जाता जाता: आजी विणतात. खिडकीच्या गजाला एक टोक बांधायचं, दुसरं पट्ट्याने स्वतःच्या कमरेला, पाय भिंतीला रोवायचे आणि मागे रेलून ताण द्यायचा. माग म्हणजे काड्या नि दोऱ्या, गुंडाळला की काखेत मावतो. लाल-काळ्यावर बारीक चौकटी उठतात. पुण्यात सुताची बारीक, पक्क्या रंगाची लड कुठे मिळेल? तुळशीबागेत विचारलं, लोकरच दाखवतात.

विक्रांत७२:
काकू, राग मानू नका, पण आपलीच माणसं फुटपाथवर झोपतात. उद्या हेच लोक रेशन कार्ड काढतील. रोहिंग्या काय, चिन काय, एकदा आत आले की जात नाहीत.

पिंपरीवाला:
माझे आजोबा सिंधमधून आले तेव्हा पिंपरी कॅम्पातल्या बराकीत राहिले. हेच वाक्य त्यांनीही ऐकलं होतं, फक्त मराठी जरा जुनं होतं. काकूंनी कागदांबद्दल विचारलंय, त्यावर काही माहीत असेल तर लिहा.

अॅड_कर्वे_रोड:
पिंपरीवाले, भावना मान्य, पण तुलना तिथेच संपते. फाळणीत आलेल्यांसाठी राज्यघटनेतच नागरिकत्वाची तरतूद होती. चिन लोकांसाठी काहीच नाही. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, स्वतंत्र निर्वासित कायदाही नाही. २०१९ चा नागरिकत्व दुरुस्ती कायदा पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानपुरता आहे, त्यामुळे ख्रिस्ती असूनही म्यानमारवाल्यांना त्याचा उपयोग नाही. त्यात सप्टेंबर २०२५ पासून परकीय नागरिकांचा नवा कायदा लागू झालाय. वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय देशात शिरल्यास पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तिबेटी, नोंदणी झालेले श्रीलंकन तमिळ वगैरेंना त्यातून सूट दिली, म्यानमारवाल्यांना नाही. विक्रांत, तेव्हा रेशन कार्डाची काळजी सोडा.

सुलभाताई, आता तुमचं. परदेशी माणूस घरात राहायला आला की घरमालकाने २४ तासांत कळवायचं असतं, त्याला आम्ही अजून सी फॉर्मच म्हणतो. पासपोर्ट नंबर नसेल तर ऑनलाइन गाडी अडते. म्हणून लेखी अर्ज करा: कोण, कधीपासून, कार्डांचे नंबर, सोबत झेरॉक्स. पोलीस आयुक्तालयातल्या परकीय नागरिक नोंदणी कार्यालयात द्या, एक प्रत तुमच्या चौकीत. दोन्हीकडे पोच घ्या, शिक्क्यासकट. मूळ कार्डं कुणाच्याही हातात सोडू नका. आणि अर्ज देण्याआधी दिल्लीच्या यूएनएचसीआर कार्यालयाला, त्यांच्या कायदेशीर मदतीच्या लोकांना फोन करून पुण्याचा पत्ता कळवा. क्रम उलटा नको. चौकीतून काही विचारणा झाली तर मागे कुणीतरी उभं हवं.

धोका नाही असं सांगणार नाही. एप्रिल २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने रोहिंग्यांच्या प्रकरणात म्हटलं की जीविताचा हक्क परकीयांनाही आहे, पण हद्दपार न होण्याचा हक्क देशात राहण्याच्या हक्काशी जोडलेला आहे आणि तो फक्त नागरिकांचा. पुढच्याच महिन्यात मणिपूर हायकोर्टाने म्यानमारच्या सात जणांना यूएनएचसीआरकडे जाण्यासाठी दिल्लीपर्यंत सुरक्षित प्रवासाची मुभा दिली. दोन्ही निकाल हाताशी ठेवा.

एजंटाला मात्र दारातूनच परत पाठवा. नुसत्या निर्वासित कार्डावर आधार मिळत नाही. त्याने आणून दिलं तर ते खोट्या कागदांवरचं असणार, आणि मग आज जी बाई निर्वासित आहे ती उद्या फसवणुकीची आरोपी.

शाळेचं सोपं आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात बालक म्हणजे सहा ते चौदा वर्षांचं मूल, नागरिकत्वाची अट कुठेही नाही. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असं कलम १४ मध्ये स्पष्ट आहे. वयानुसार वर्ग द्यायचा हे कलम ४ मध्ये. तोंडी बोलू नका. अर्ज लिहा, नकार असेल तर लेखी मागा. लेखी म्हटलं की निम्मी पोर्टलं आपोआप चालू होतात.

चंफाई_रिटर्न:
नोकरीनिमित्त मिझोरामात चंफाईला राहिलोय, म्हणून दोन शब्द. तियाउ नदी म्हणजे तिथली सरहद्द, थंडीत काही ठिकाणी गुडघाभर पाणी. अलीकडे मिझो, पलीकडे चिन, कुळांची नावं आणि चर्चमधली गाणीसुद्धा जुळतात. २०२१ मध्ये केंद्राने लोंढा रोखायला सांगितलं तेव्हा मिझोरामच्या मुख्यमंत्र्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून कळवलं की ही आमची रक्ताची माणसं आहेत, आम्हाला हात वर करता येणार नाहीत. वायएमएची (यंग मिझो असोसिएशन, तिथली स्वयंसेवी संघटना) पोरं घरोघर तांदूळ गोळा करायची. तिथे आलेल्यांचा आकडा पुढे तीस हजारांच्या वर गेला.

चिन लोकांचं हे पळणं २०२१ चं नाही. १९८८ नंतरही असेच आले होते, लष्कर गावकऱ्यांना ओझी वाहायला जबरदस्तीने न्यायचं, डोंगरावरचे क्रूस पाडायचं. २०१८ मध्ये यूएनएचसीआरने जाहीर केलं होतं की चिन राज्य आता सुरक्षित आहे, यांचा निर्वासित दर्जा काढून घेऊ. मार्च २०१९ मध्ये तो निर्णय मागे घेतला. अडीच वर्षांत थांतलांग जळालं. म्हणून कार्ड हातात असलं तरी ही माणसं निर्धास्त नसतात. आजींच्या कागदावरच्या मुदतीकडे लक्ष ठेवा, नूतनीकरणासाठी दिल्लीची खेप चुकली तर फार त्रास होतो.

सुलभा_बोपोडी:
वकीलसाहेब, अर्ज लिहून काढला. दिल्लीला फोन लागला, पत्ता नोंदवून घेतला, सोमवारी परत करायला सांगितलाय. तोपर्यंत आयुक्तालयात जात नाही. २४ तास कधीच उलटलेत, तरी तुमच्या क्रमानेच जाते. उशीर का झाला तेही अर्जात लिहिलंय.

शाळेत कलम १४ चा कागद घेऊन गेले. मुख्याध्यापिका बाईंनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि "वरती विचारते" म्हणाल्या. नकार लेखी मागितल्यावर "नकार कुठे दिलाय?" मुलीला सोबतच नेलं होतं. तिने बाहेरच्या फळ्यावरचा सुविचार मोठ्याने वाचला, अक्षर अक्षर लावून. नर्सच्या मुलाकडून शिकली आहे. गुरुवारी बोलावलंय.

एजंटाला सुनेनेच हाकललं. आजी त्याला काय बोलल्या ते तिने भाषांतर करून सांगितलं नाही.

विक्रांत, आमच्या बोपोडीच्या फुटपाथवर झोपणारे माझ्या ओळखीचे आहेत. त्यांच्यासाठी काही करणार असाल तर कळवा, मी येते.

सुताचं कुणीच सांगितलं नाही.

रविवार_पेठी:
काकू, बोहरी आळीत जा. लोकरीची आणि विणकामाच्या सामानाची दुकानं ओळीने आहेत, सूतही असतं. लड मागा, गुंडा नको. लांबी आणि पीळ बघायला आजींना बरोबर न्या. सकाळी जा, दुपारी गर्दीत उभं राहायला जागा नसते. आणि रंग पक्का आहे का, हे दुकानदाराच्या शब्दावर घेऊ नका, एक दोरा ओल्या रुमालात चोळून बघा.