विंचवाच्या विषावर बीटा ब्लॉकर? जरा थांबा

'ॲड्रेनलिन वाढून छाती धडधडतेय ना, मग बीटा ब्लॉकर द्या, विषय संपला' असं कुणी म्हणेल. (बीटा ब्लॉकर म्हणजे हृदयाच्या बीटा ग्राहींवरचा ॲड्रेनलिनचा परिणाम रोखणारं औषध; ग्राही म्हणजे पेशींवरच्या, अशा रसायनांना प्रतिसाद देणाऱ्या जागा.) रोजच्या धडधडीला एकवेळ चालेल, पण सगळीकडे नाही. कोकणातला लाल विंचू घ्या. त्याच्या विषाने शरीरातलंच ॲड्रेनलिन आणि नॉरॲड्रेनलिन भसाभसा बाहेर पडतं. रक्तवाहिन्यांवरच्या अल्फा ग्राहींमुळे त्या आवळतात, हातपाय बर्फासारखे पडतात, रक्तदाब चढतो. त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून हृदय दमतं, फुप्फुसात पाणी भरतं, तोंडाला गुलाबी फेस येतो. अशात बीटा ग्राही बंद केले की दमलेल्या हृदयाचा जोर आणखी कमी होतो, आणि अल्फाची आवळणी तशीच मोकाट राहते.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी नेमकं उलटं केलं: प्राझोसिन, म्हणजे अल्फा ग्राहींना रोखणारं औषध (अल्फा ब्लॉकर), तोंडाने दिलं. रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी! वाहिन्या सैलावल्या, हृदयावरचा भार उतरला, आणि पूर्वी दगावले असते असे अनेक रुग्ण वाचू लागले. (एक मात्र, गोळीनंतर रुग्णाला झोपवूनच ठेवायचं. उठून बसवलं की रक्तदाब धाडकन उतरतो.) हल्ली सोबत प्रतिविषही देतात, त्याने रुग्ण आणखी लवकर सावरतो.